आजोबांचं नगर गूगलला का सापडलं नाही?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे. एसटीत रेंज गेली तरी वाचता यावं म्हणून.)

 

आजची गोष्ट सुरू होते माझ्या मावसभावाच्या फोनपासून. तो पुण्यात शिकतो. त्याला कॉलेजात प्रोजेक्ट मिळाला, १९७२ चा दुष्काळ. रात्री त्याचा फोन आला, "ताई, आपल्या पारनेरचं काहीच सापडत नाहीये गं. दोन तास शोधतोय."

मी म्हटलं, "अरे वेड्या, आपल्या आजोबांनीच लिहून ठेवलंय की!"

आणि खरंच लिहिलंय. २००३ साली आजोबांनी नगरला एका डीटीपी सेंटरवर बसून बावीस पानं टाइप करून घेतली होती. बहात्तरच्या दुष्काळात गावात काय झालं, खडी फोडायला कोण कोण गेलं, पाझर तलावाचं काम कसं चाललं, सुकडी कशी वाटली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन पोरांची पोटं कशी बिघडली, सगळं. पुढे मामाने हौसेने ती पानं एका फुकटच्या ब्लॉगवर चढवली. म्हणजे गेली अठरा-एकोणीस वर्षं ती इंटरनेटवर आहेत. सगळ्या जगासमोर उघडी.

मी मामाकडून लिंक मागवली, उघडली, आणि स्क्रीनवर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, अवतरणचिन्हं, काही अर्थ नाही. जिथे ‘नगर’ असायला हवं तिथे तीन अक्षरं उमटली होती: यू, एक्स, जे.

त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं, की इंटरनेटवर असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. सापडण्याच्या या खटाटोपाला आज लोक एसईओ म्हणतात, त्याचे क्लास लावतात, पैसे मोजतात. पण त्याचा इतिहास फार मजेशीर आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याला आपल्या नगर जिल्ह्यात बसून समजून घेता येतो. चला तर मग.

सातबारा आणि आठ-अ

आधी हे बघू, की सर्च इंजिन मुळात करतं काय.

तलाठ्याच्या दप्तराची आठवण करा. सातबारा कशावरून निघतो? गट नंबरवरून. गट नंबर सांगितला की त्या जमिनीवर कोणाकोणाची नावं आहेत ते कळतं. पण समजा तुम्हाला उलटं हवंय. एका माणसाच्या नावावर गावात कुठे कुठे जमीन आहे? मग सगळे सातबारे एकेक करून चाळत बसणार का? नाही. त्यासाठी वेगळा नमुना आहे, आठ-अ. त्यात खातेदाराचं नाव आधी, आणि त्यापुढे त्याचे सगळे गट.

सर्च इंजिन म्हणजे अख्ख्या इंटरनेटचा आठ-अ. एक प्रोग्रॅम पानापानावर फिरतो, प्रत्येक पानावर कोणते शब्द आहेत ते वाचतो, आणि मग उलटी यादी बनवतो: हा शब्द, तो या या पानांवर आहे. तुम्ही ‘सुकडी’ टाइप करता तेव्हा गूगल त्या क्षणी जगभर धावत नाही. ते आपल्या आठ-अ मध्ये ‘सुकडी’ची ओळ काढून बघतं. त्या ओळीत तुमचं पान नसेल, तर तुम्ही नाहीच. विषय संपला.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीचीच. इंग्रजांनी १८८४ साली आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सतरावा खंड. असल्या जाड ग्रंथात मागच्या पानांवरची सूची नसेल तर हवा तो मजकूर शोधणं म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणं. त्याच्याही आधी, नेवाश्याला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्यात शोधायचं कसं? अध्याय आणि ओवी क्रमांक. आजही कीर्तनकार तोच पत्ता सांगतात.

इंटरनेटवर हा प्रकार आला १९९० मध्ये. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज नावाचा, मूळचा बार्बाडोसचा विद्यार्थी होता. त्याने ‘आर्ची’ नावाचा प्रोग्रॅम बनवला. तो फक्त फायलींची नावं शोधायचा, आतला मजकूर नाही. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘याहू’ सुरू केलं, तेव्हा ती माणसांनी हाताने लावलेली यादी होती. त्याच वर्षी ‘वेबक्रॉलर’ आलं, पानावरचा प्रत्येक शब्द वाचणारं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ आलं आणि लोक थक्क झाले.

आता तुम्ही म्हणाल, मग आजोबांची पानं या यादीत का नाही आली?

दिसत होती, पण वाचता येत नव्हती

कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, नंबर ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे डीटीपीचं काम जोरात सुरू झालं. पत्रिका, निवडणुकीची पत्रकं, साप्ताहिकं. तेव्हा फॉण्ट बनवणाऱ्यांनी एक जुगाड केलं. इंग्रजी अक्षरांचे नंबर तसेच ठेवले, फक्त त्यांच्यावर मराठी अक्षरांचं चित्र चढवलं. ‘कृतिदेव’ फॉण्टमध्ये ‘यू’ दाबलं की ‘न’ दिसायचा, ‘एक्स’ दाबलं की ‘ग’, आणि ‘जे’ दाबलं की ‘र’. झालं ‘नगर’!

कागदावर छापायला काहीच अडचण नाही. पण फाइलच्या पोटात ‘यू-एक्स-जे’च. तो फॉण्ट ज्याच्या कॉम्प्युटरवर नाही त्याला कचरा दिसणार. सर्च इंजिनला तर फॉण्ट दिसतच नाही, त्याला फक्त नंबर दिसतात. त्याने आजोबांची बावीस पानं इमानदारीत वाचली आणि आपल्या आठ-अ मध्ये ‘यू-एक्स-जे’ची नोंद केली. जगात कोणीही माणूस ते शोधणार नाही.

बरं, प्रत्येक फॉण्टचा हिशोब वेगळा. कृतिदेवचा एक, शिवाजीचा दुसरा, श्रीलिपीचा तिसरा. त्या काळात कित्येक मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइट वाचायला त्यांचा फॉण्ट आधी डाउनलोड करावा लागायचा. काही जण तर अख्खी बातमी चित्र म्हणून टाकायचे. लाखो शब्द रोज इंटरनेटवर चढत होते, आणि सर्चच्या दृष्टीने मराठी मुकी होती.

उपाय तयार होता, खरं तर. ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. ती मांडणी भारतातच ठरलेल्या ‘इस्की’ नावाच्या मानकावर बेतलेली होती. युनिकोडमध्ये ‘न’ला स्वतःचा नंबर. फॉण्ट कोणताही असो, फोन कोणताही असो, ‘न’ म्हणजे ‘न’च. पण मानक कागदावर असणं आणि घराघरातल्या मशीनवर चालणं यात बरीच वर्षं गेली. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली विंडोज २००० मध्ये. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यानंतर मनोगत, मिसळपाव अशी संकेतस्थळं आली, जिथे सामान्य माणूस युनिकोडमध्ये लिहायला शिकला. मायबोली तर १९९६ पासूनची. माझ्या मते मराठी एसईओचं सगळ्यात मोठं काम याच लोकांनी केलं. त्यांना तो शब्दही कदाचित माहीत नसेल. त्यांनी फक्त मशीनला वाचता येईल असं मराठी लिहिलं.

युनिकोडमध्येही आपल्या मराठीच्या काही गाठी सुटायला वेळ लागला. ‘ॲप’मधला ‘ॲ’ घ्या. हे अक्षर एकसंध म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ साली. तोवर लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र द्यायचे, काही कीबोर्ड आजही तेच करतात. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र ची तीच तऱ्हा. आणि मोडी? ज्या लिपीत आपले शेकडो वर्षांचे कागद आहेत, ती युनिकोडमध्ये आली २०१४ मध्ये. म्हणजे घराघरात पेटीत पडलेली मोडीतली पत्रं स्कॅन करून टाकली, तरी ती सर्चला दिसेनात. आधी कोणीतरी ती वाचून लिहून काढायला हवी.

किल्ल्यातले चौघे

समजा मशीनला तुमचं पान वाचता आलं. तरी पुढचा प्रश्न उरतो. ‘अहमदनगर किल्ला’ हे शब्द हजारो पानांवर आहेत. आधी कोणतं दाखवायचं?

याचं उत्तर समजायला त्याच किल्ल्यात जाऊ. ऑगस्ट १९४२. चले जाव चळवळ. काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इंग्रजांनी नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. १९४४ मध्ये पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिन्यांत. पाच हजार वर्षांचा इतिहास, आणि कैदेत हाताशी पुस्तकं मोजकी. मग काही अडलं तर शोधायचं कुठे? शेजारच्या खोलीत! प्रस्तावनेत नेहरूंनी चार सोबत्यांचे खास आभार मानलेत: मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली. जाणकार माणसं होती, म्हणून त्यांना विचारलं.

आपणही हेच करतो ना? गुडघा दुखला तर चौकातल्या पाटीवरून डॉक्टर निवडत नाही. ज्याच्या शब्दावर विश्वास आहे अशा माणसाला विचारतो, "तू कुणाकडे गेला होतास?"

१९९६ च्या सुमारास स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी नेमकं हे गणितात बसवलं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली, म्हणजे ती एक शिफारस. आणि शिफारस करणाऱ्याला स्वतःला जितका मान, तितकं त्या शिफारशीचं वजन. संशोधनात कोणत्या निबंधाचा किती जणांनी हवाला दिला हे मोजण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून होतीच, तीच त्यांनी वेबला लावली. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल कंपनी झाली, आणि काही वर्षांत बाकीचे मागे पडले.

म्हणून आजोबांचं पान वाचता येण्यासारखं असतं, तरी एकटं पडलं असतं. कोणाचीच लिंक नव्हती त्याला. गावाबाहेरच्या वस्तीसारखं. घर आहे, पण रस्ता नाही.

आधी आमचंच दुकान!

आता जिथे रांग आली तिथे घुसणारेही आले. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. टेलिफोन डिरेक्टरीत पहिलं यायचं म्हणून जगभरात लोकांनी धंद्याची नावं ‘ए’ने सुरू केली, कोणी तर ‘एएए’. आणि शिर्डीला कधी एसटीने उतरलात? "दादा, रूम? मंदिराजवळ, एकदम स्वस्त!" म्हणत जे घोळका करतात, तोही शोधात पहिलं येण्याचाच प्रकार.

वेबवर सुरुवातीला मशीन भोळं होतं. एखादा शब्द पानावर जितक्या वेळा, तितकं पान महत्त्वाचं, असा त्याचा समज. मग काय, लोकांनी ‘शिर्डी हॉटेल स्वस्त हॉटेल शिर्डी मंदिर हॉटेल शिर्डी’ अशा धाटणीचे परिच्छेद लिहायला सुरुवात केली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवले, म्हणजे माणसाला दिसू नयेत आणि मशीनने वाचावेत. पानाच्या पोटात ‘कीवर्ड’ची एक गुप्त यादी देता यायची, तिचा इतका गैरवापर झाला की २००९ मध्ये गूगलने जाहीर सांगितलं, क्रमवारीसाठी आम्ही ती बघतच नाही. लिंकला किंमत आहे कळल्यावर लिंकांचा बाजार सुरू झाला. पैसे द्या, हजार शिफारशी घ्या.

मग गूगलनेही नियम घट्ट करत नेले. फेब्रुवारी २०११ चा ‘पांडा’ बदल, उथळ आणि इकडून तिकडून उचललेल्या मजकुराला खाली ढकलणारा. एप्रिल २०१२ चा ‘पेंग्विन’, विकतच्या लिंका पकडणारा. एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप मिळालं. दर वेळी काही दुकानं रातोरात यादीच्या तळाला गेली. ज्यांचा सगळा भर युक्तीवर होता, त्यांचं कंबरडं मोडलं.

मागच्या वर्षी मलाही एकाने फोन करून सांगितलं होतं, "मॅडम, महिन्याला अमुक द्या, तुमचा पॉडकास्ट पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी." मी दोन महिने दिले. तिसऱ्या महिन्यात बघते तर आमच्या नावाने कुठल्या कुठल्या परदेशी जुगाराच्या साइटवर लिंका. काढून घेता घेता नाकी नऊ आले. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालं.

लोक काय म्हणून शोधतात?

इथे खरी गंमत आहे. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की शाह डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. सगळा जिल्हा तिला ‘चांदबीबी महाल’ म्हणतो. प्रत्यक्षात ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवला तो नगरचा किल्ला, या महालाशी तिचा संबंध नाही.

आता तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात आणि या वास्तूवर लिहायचंय. मथळा काय देणार? ‘सलाबतखानाची कबर’ दिला तर अचूक, पण शोधणारे ‘चांदबीबी महाल’ शोधतायत, त्यांना तुम्ही सापडणारच नाही. आणि जो चुकीची माहिती लिहितोय तो सापडेल. नुसतं ‘चांदबीबी महाल’ लिहिलं तर चूक आणखी पक्की होईल. मग दोन्ही लिहायचं: ‘चांदबीबी महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर’. लोकांच्या शब्दाने दार उघडायचं आणि आत बरोबर माहिती द्यायची. एसईओमधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट मला ही वाटते.

निघोजचे रांजणखळगे तसेच. कुकडी नदीच्या पात्रात पाण्याने दगड कोरून झालेले. कोणी ‘रांजणखळगे’ शोधतं, कोणी ‘कुंड’, कोणी ‘निघोज पॉटहोल’. एका वाक्यात तिन्ही शब्द सहज येतात, जबरदस्ती करावी लागत नाही.

आजोबांच्या पानात मला हीच अडचण सापडली. त्यांनी सगळीकडे ‘बहात्तरचा दुष्काळ’ लिहिलंय. आमच्याकडे असंच म्हणतात, कोणी ‘एकोणीसशे’ लावत नाही. पण प्रोजेक्ट करणारा मुलगा ‘१९७२’ टाइप करतो. गावाचं नाव त्यांनी लिहिलंच नव्हतं. ‘आपलं गाव’ म्हणायचे. तालुका नाही, जिल्हा नाही. वाचणारा गावचाच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. सर्चने येणारा वाचक मात्र कायम परगावचा असतो.

आणखी एक. आपण आता टाइप कमी करतो, बोलतो जास्त. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आली. टाइप करताना आपण ‘भंडारदरा अंतर’ लिहितो, बोलताना विचारतो, "नगरहून भंडारदरा किती लांब आहे?" पूर्ण वाक्य. शिवाय मराठीत शब्द सरळ उभा राहत नाही: नगर, नगरचा, नगरला, नगरहून. जुन्या सर्चला हे सगळे वेगळे शब्द वाटायचे. आताचं सर्च बरंच समजून घेतं, म्हणून एकच शब्द दहा वेळा कोंबायची गरज उरली नाही. आपण बोलतो तसं, प्रश्न आणि उत्तर असं लिहिलं तरी चालतं. किंबहुना तेच जास्त चालतं.

एका शहराची किती नावं?

आता येऊ नावाकडे. नाव बदलावं की नाही हा वाद आज आपला विषय नाही. आपला विषय शोध.

मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली, त्याच्या नावावरून अहमदनगर. ३१ मे २०२३ ला चौंडीत, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहिल्यानगर नावाची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अधिकृत झालं.

पण नावाचा गोंधळ त्याआधीही होताच की! इंग्रजीत ‘एम’नंतर ‘ई’ की ‘ए’? आपण दुकानाच्या पाट्यांवर ‘ई’ लिहायचो. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये ‘ए’, नेहरूंच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाच्या नावात ‘ए’, २०११ च्या जनगणनेतही ‘ए’. आणि बोलताना? "कुठे चाललास?" "नगरला." नुसतं नगर! आता ‘नगर’ शोधून बघा. उल्हासनगर, गांधीनगर, श्रीनगर, शिवाय प्रत्येक शहरातली एखादी कॉलनी. मशीनने बिचाऱ्याने काय करायचं?

गुजरातमधलं एक उदाहरण ऐका. साबरकांठा जिल्ह्यातल्या हिंमतनगरचं जुनं नाव काय होतं माहितीये? अहमदनगर! गुजरातच्या सुलतान अहमदशहाने वसवलेलं. १९१२ मध्ये तिथल्या राजपुत्राच्या नावावरून ते हिंमतनगर झालं. आज जुन्या कागदात ‘अहमदनगर’ दिसलं की अभ्यासकाला थांबून बघावं लागतं, हे निजामशाहीचं की ईडर संस्थानातलं? नाव बदलणं नवीन नाही. नाव बदलल्यावर जुन्या आणि नव्या नावाला जोडणारा धागा कोणी ठेवला की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

गूगलने मे २०१२ मध्ये असाच धागा ठेवायला सुरुवात केली, त्याला ‘नॉलेज ग्राफ’ म्हणतात. नाव म्हणजे नुसती अक्षरं नाहीत, त्यामागे एक गोष्ट आहे, आणि त्या एका गोष्टीची अनेक नावं असू शकतात, अशी नोंद. आपल्या गाडीवर एमएच-१६ असतं ना, तसं. पाटी बदलली तरी आकडा सांगतो की हे तेच. पण मशीनला हे शिकवतं कोण? आपण लिहिलेली पानं. ‘अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर’ असं ज्या पानांवर स्पष्ट लिहिलंय, त्यांच्यावरूनच ते शिकतं.

म्हणून ज्यांची दुकानाची, क्लासची, गडकिल्ल्यांची पानं आहेत त्यांना सांगते. नवीन नाव जरूर लिहा. जुनंही एकदा तरी लिहा, कारण तुमचा पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक अजून तेच शोधत असेल. जुने लेख उघडून सरसकट नाव बदलू नका. १९४२ च्या प्रसंगात ‘अहिल्यानगरचा किल्ला’ असं लिहिलं तर पुढच्या अभ्यासकाला जुना कागद आणि तुमचं पान जुळवताच येणार नाही. आणि पानाचा पत्ता, म्हणजे लिंक बदलली, तर जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जाईल अशी सोय करा. घर बदललं की आपण पोस्टमनला सांगून ठेवतो, तेच.

मग आम्ही काय केलं

मी आणि मावसभाऊ, आम्ही दोन रविवार घातले. कृतिदेवचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, त्यातून बावीस पानं काढली. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या बऱ्याच तुटल्या होत्या, त्या आईने वाचून दुरुस्त केल्या. आजोबांचं एक वाक्यही बदललं नाही. फक्त वर एक परिच्छेद जोडला: गावाचं नाव, पारनेर तालुका, अहिल्यानगर जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर, १९७२ म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. मथळा आधी नुसता ‘आठवणी’ होता. त्याच्या जागी ‘बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातलं आमचं गाव’ असा केला. सुकडी, मिलो, खडी, पाझर तलाव, प्रत्येकासाठी छोटं उपशीर्षक. फोटोंखाली फोटोत काय आहे ते लिहिलं. गावच्या शाळेच्या सरांनी त्यांच्या पानावरून लिंक दिली. झाली आमची एक शिफारस!

पहिले काही आठवडे काहीच नाही. मग एक दिवस मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवला. ‘पारनेर १९७२ दुष्काळ सुकडी’ शोधलं तर आजोबांचं पान आलं होतं.

त्यानंतर शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलाचा मेसेज आला. त्याची आजी त्याच तलावाच्या कामावर होती. म्हणाला, "तुमच्या आजोबांनी लिहिलंय की सगळ्यांना सुकडी पुरायची. आजी म्हणते, शेवटच्या रांगेतल्या बायकांना पुरायची नाही." आजोबा खडी फोडणाऱ्यांच्या हजेरीवर होते, शेवटच्या रांगेत नव्हते. त्यांना ते दिसलं नसावं. आजीचं म्हणणं आम्ही पानाच्या खाली जोडलं, तिच्या परवानगीने, नाव न देता.

ती पानं यू-एक्स-जे मध्येच राहिली असती, तर ही दुरुस्ती कधी झालीच नसती.

आता तर सर्चच्या वरच एआयने लिहिलेलं तयार उत्तर येतं, पानं उघडायचीही गरज नाही म्हणतात. पण ते उत्तर बनतं कशातून? कोणीतरी लिहिलेल्या, मशीनला वाचता येणाऱ्या पानांतूनच. जे व्हॉट्सॲप ग्रुपवर राहिलं ते सर्चला दिसत नाही. रीलवर चित्र म्हणून चिकटवलेली अक्षरं मशीन आता थोडीफार वाचतं, पण त्यावर विसंबू नका. आपण आज पुन्हा तेच करतोय, डीटीपीच्या काळात केलं ते. छान दिसतंय, पण उद्या सापडेल का, हे विचारत नाही.

तर या आठवड्याचं काम. घरात कोणाची जुनी टाइप केलेली फाइल, सीडी, पेनड्राइव्ह असेल तर काढा. उघडून बघा काय दिसतंय. कचरा दिसला तर फेकू नका, त्यात एखादं गाव असू शकतं. त्यातलं एक पान तरी युनिकोडमध्ये करा, वर गावाचं नाव लिहा, आणि आम्हाला लिंक पाठवा. पुढच्या भागाच्या पानावर आम्ही ती देऊ.

काळजी घ्या, भेटू पुढच्या रविवारी!